डबे वाढव

आईला दोन दिवसांनी घरी सोडणार होते आणि तिची खोली तिला राहण्याजोगी नव्हती.

लालबागच्या चाळीत पहिल्या माळ्यावर आईची खोली. गॅलरीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण खाट उंच करा, मोरीत धरायला दांडा बसवा आणि संडासाची खुर्ची आणा. चाळीतले संडास गॅलरीच्या टोकाला, तिथपर्यंत आता आईच्याने जाववणार नव्हतं. माझा भाऊ बदलापूरला राहतो. तो म्हणाला, माझ्याकडे लिफ्ट आहे, कमोड आहे, दांडासुद्धा आहे, सरळ तिकडेच नेतो. आई म्हणाली, "आधी घरी. मग बघू." शेवटी भावाने मलाच अट घातली, "परवा दुपारपर्यंत खोली तयार असली तर लालबाग, नाहीतर गाडी तशीच बदलापूरला."

चाळीतून एकदा मुलाच्या फ्लॅटमध्ये गेलेलं म्हातारं माणूस परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. दोन दिवस म्हणून नेतात, मग खोलीला कुलूप, मग एजंट. त्यामुळे मी रजा टाकली आणि इरेला पेटले.

त्याच संध्याकाळी वॉर्डमधून आईचा फोन आला. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका ऐकत असणार, कारण ती आमची मालवणी सोडून अगदी शाळेतल्या बाईंसारखं बोलत होती. "लिहून घे. तांदूळ वाढलेत. मोरीतला नळ गळतोय, तो बघ. माळ्यावरची मोठी पातेली खाली काढ, घासून ठेव. देवाचं तेल बघ. आणि हो, डबे वाढव." मागे कसली तरी ट्रॉली खडखडली, कुणीतरी तिला गोळी घ्या म्हणालं आणि फोन बंद झाला.

आई डबे करते. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हापासून करते. पूर्वी खोलीतच पंगत बसायची. गिरणीतली, गोदीतली माणसं पाटावर बसून जेवून जायची. ती गेली, मग डबे आले. आता चारच उरले होते: दोन नर्स, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी आणि भोईवाड्याच्या कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून. आई हॉस्पिटलात असताना शेजारच्या काकू ते चार डबे जेमतेम ओढत होत्या. आणि हाड मोडून पडलेली ही बाई म्हणते, डबे वाढव! मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कमाल आहे तुझ्या आईची." मलाही अभिमान वाटला. आईने सांगितलेली कामं मी माझ्या कामांच्या खाली लिहिली आणि निवांत झोपले. ऑफिसात मी लोकांच्या कामांची आखणी करते, त्याचाच पगार घेते. एका खोलीची ती काय कथा, असं मला वाटलं.

सकाळी संडासाची खुर्ची टॅक्सीत घालून लालबागला पोचले, जिना चढले आणि किल्ली कुलपाला लागेना. आईने कुलूप बदललं होतं, मला सांगितलं नव्हतं. नवी किल्ली काकूंकडे आणि काकू बाजारात. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून शेवटी मी त्याच खुर्चीवर बसले. येणारा-जाणारा प्रत्येक जण चौकशी आईची करायचा आणि बघायचा खुर्चीकडे. एक आजोबा म्हणाले, "चांगली आहे. मजबूत दिसते." मी म्हटलं, हो.

काकू आल्या, दार उघडलं. आधी स्वतःसाठी आणि काकूंसाठी खिचडी टाकावी म्हणून मी तांदळाचा डबा उघडला. तांदूळ वाढलेत असं आई म्हणाली होती, म्हणजे डबा भरलेला असणार. ते काम मी लिहिता लिहिताच मनातून खोडून टाकलं होतं. माप आत घातलं तर ते तळाला खरवडलं. डब्यात मूठभर कणी होती आणि एक तमालपत्र.

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या माहेरी काहीच संपत नाही. संपतं, पण तसं म्हणायचं नसतं. तांदूळ संपले की ते वाढतात, बांगडी फुटली की ती वाढते, वाणी रात्री दुकान बंद करतो तेव्हा ते वाढवतो. संपणं, फुटणं, मोडणं, बंद होणं हे शब्द घरात उच्चारले की ते खरे होऊन मानगुटीवर बसतात, अशी आईची पक्की समजूत. एक गिरणी तेवढी बंद पडली. ती वाढली असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी लग्न होऊन शिवाजी पार्कला गेले, सासरे निवृत्त प्राध्यापक. नवी असताना मी एकदा म्हणाले, चहापूड वाढलीये. सासरे उठले, डब्यात डोकावून आले आणि म्हणाले, "कुठे वाढलीये? उलट संपलीये." घरभर हशा झाला. मीही हसले आणि तेव्हापासून संपलं ते संपलं म्हणायला लागले. इतक्या वर्षांत कान सासरचा झाला.

तांदूळ आणायचं काम परत यादीत आलं. एवढ्यावर मी हा विषय सोडला. यादीत पुढेही तोच शब्द आहे हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण तेवढ्यात माळ्यावरचा बल्ब गेला.

त्याला माळा म्हणायचं खरं, पण ती खाटेच्या बरोबर वरची एक रुंद फळी. शिडीवर चढून बटण दाबलं, बल्ब फटकन उडाला आणि त्याच्याबरोबर खोलीतले दिवे गेले. फ्यूज काकूंच्या यजमानांनी बदलला, पण बल्ब आणायला खाली जावं लागलं. बल्ब आणला तर तो पिनेचा आणि वरचा होल्डर पेचाचा. पुन्हा खाली गेले तर पेचाचे दुकानात नव्हते. शेवटी मोबाइलचा दिवा दातांत धरून मी पातेली उतरवली. शेवटचं पातेलं हातातून सुटलं आणि आईच्या उशीच्या जागी आपटलं. त्याने गादीला चांगला खळगा पाडला. मी तो थोपटून सारखा केला आणि पातेली घासायला बसले. यात पंगतीची आमटी व्हायची. चार माणसांना ही कशाला, असा विचार आला; मग आठवलं, डबे वाढवायचे आहेत ना. मी आणखी जोरात घासलं.

प्लंबर सकाळी येतो म्हणाला होता, तो दुपारी आला. नळाचा वॉशर बदलला, तेवढं एक काम धड झालं. मग मोरीत दांडा बसवायला त्याने ड्रिल लावलं. आधी टाइल तडकली, मग मागून लालसर भुकटी गळायला लागली, मग दांडा स्क्रूसकट त्याच्या हातात आला. तो दांड्याकडे बघत म्हणाला, "ताई, ही भिंत नाहीये. रांगोळी आहे नुसती."

"मग आता?"

"लाकडाची पट्टी आणा मजबूत, वरपासून खालपर्यंत. तिच्यावर फिट करून देतो. नाहीतर टेन्शन आहे."

खाटेखाली घालायला ठोकळेही हवेच होते, म्हणून मी टॅक्सी केली आणि रे रोडला लाकडाच्या वखारीत गेले. पट्टी मिळाली. ठोकळ्यांचं विचारलं तर वखारवाला म्हणाला, "केवढे?" मी खाट मोजलीच नव्हती. मी, जी लोकांच्या कामांची आखणी करते. काकूंना फोन लावला, म्हटलं जरा खाटेची उंची मोजा. काकूंकडे टेप नव्हती, त्यांनी वितीने मोजून सांगितलं. मी माझ्या वितीने हिशेब केला आणि ठोकळे कापून घेतले. काकूंचा पंजा केवढा आणि माझा केवढुसा, हे त्या करवतीच्या आवाजात कुणाला सुचतंय.

फोन ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "गो, डब्यांचं काय म्हणाली आई? सगळे विचारतायत."

"वाढव म्हणाली."

काकू म्हणाल्या, "खरंच तसं म्हणाली?"

"हो, तिच्याच तोंडून ऐकलं मी."

"बरं बाय. सांगते मी चौघांना." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. मला वाटलं, कामाच्या ओझ्याने दडपल्या. त्यांना मदतीला कुणीतरी बाई बघायला हवी, असं मी यादीत लिहूनसुद्धा टाकलं. येताना तांदळाची मोठी गोण घेतली.

परत आले तर प्लंबर पट्टीची वाट बघत गॅलरीत चहा पीत होता आणि दारात भोईवाड्याचे कारकून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात आईचा स्टीलचा डबा. आत बसा म्हटलं तर बसेनात.

"हा आईंचा डबा. रिकामा कसा द्यायचा, म्हणून साखर घातलीये." डबा त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. "बायको गेल्यापासून यांच्याच हातचं खातोय. त्यांना सांगा, मीठ कधी इकडचं तिकडे झालं नाही."

"अहो, पण डबा परत का देताय? उद्यापासून..."

"वाढले ना डबे?" ते म्हणाले. "काकूंनी सांगितलं मघाशी." आणि जिना उतरून गेले.

मी साखरेचा डबा घेऊन तिथेच उभी राहिले. त्यांनी तोच शब्द उच्चारला होता, पण त्यांच्या तोंडी तो बांगडीसारखा फुटलेला होता.

काकूंना विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"तू सांगितलंस ता. डबे वाढवले म्हणून."

"अहो काकू, वाढवले म्हणजे जास्त केले!"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "हाड मोडलेली बाई जास्त कशी करील गो?"

मी यादी काढली आणि पुन्हा वाचली, तर प्रत्येक काम मला दोन दोन दिसायला लागलं. मोठी पातेली कशाला काढायची? जास्त माणसांचं रांधायला, की कुणाला देऊन टाकायला? नळ कुणासाठी दुरुस्त करायचा, तिच्यासाठी की पुढच्या भाडेकरूसाठी? तांदूळ वाढलेत म्हणजे घेऊन ये, की संपले ते बरंच झालं? सकाळपासून मी आई घरी येणार म्हणून राबत होते. आता वाटायला लागलं, मी तिची खोली आवरून देतेय. बदलापूरला जायचं तिने मनात पक्कं केलंय आणि तिच्या रीतीप्रमाणे अशुभ न बोलता मला सांगितलंय.

तिचा सूर कसा होता ते आठवायचा मी प्रयत्न केला. हुकूम होता की निरोप? ट्रॉलीचा खडखडाट तेवढा स्पष्ट आठवत होता. मोरीच्या दारात उभी राहून मी ते दोन शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिले. डबे वाढव. डबे... वाढव. डबे वाढव! आतून प्लंबर म्हणाला, "काय वाढवू, ताई?"

आईला फोन करून विचारता आलं असतं. इतकं सोपं होतं ते. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. संध्याकाळी भेटायच्या वेळेत हॉस्पिटलात गेले, तेव्हाही विचारलं नाही. भाऊ तिथेच बसला होता. त्याच्यासमोर आई म्हणाली असती की हो, बंद, तर संपलंच. त्याने लगेच गाडी सांगितली असती. खरं तर भावाची सबबच होती. मला तो शब्द तिच्या तोंडून ऐकायचा नव्हता. जी बाई पंगतीच्या पंगती उठवून कधी दमले म्हणाली नाही, तिने हात टेकले असतील तर ते मला कळायला नको होतं. आईने विचारलं, "झाली कामं?" मी म्हटलं, होतायत. ती हसली आणि डोळे मिटून पडून राहिली. त्या हसण्याचाही मला अर्थ लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पट्टी लागली, दांडा बसला, मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. खाट ठोकळ्यांवर चढली. तेल आणायचं राहिलं, ते काकूंच्या बाटलीतून घेतलं. तांदळाची पेज शिजवली, आईला आजारपणात तीच लागते. भाऊ आणि काकूंच्या यजमानांनी आईला खुर्चीत बसवून वर आणलं. जिन्यात प्रत्येक दारातून कुणी ना कुणी डोकावत होतं आणि आई खुर्चीतून सगळ्यांना हात दाखवत होती.

तिला खाटेवर बसवलं तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. लहान मुलीसारखे ते हवेत हलायला लागले. काकूंच्या वितीचा प्रताप. मी कोपऱ्यातला पंगतीचा पाट ओढून तिच्या पायांखाली सरकवला, तेव्हा कुठे ती नीट बसली.

भाऊ खोलीभर नजर फिरवत होता. मोरीत जाऊन दांडा हलवून आला. "ठीक आहे," तो म्हणाला. "थोडे दिवस बघू. मग आई, तू ये तिकडे. आता इथे काय ठेवलंय?"

आईची नजर भिंतीशी रांगेत मांडलेल्या पातेल्यांवर होती. मग शेजारची तांदळाची गोण. मग ओट्यावरचा साखरेचा डबा. तो डबा तिने लगेच ओळखला.

"ह्यो परत कित्याक इलो?" घरात पाऊल टाकल्याबरोबर तिची मालवणी परत आली होती.

आता विचारण्यावाचून सुटका नव्हती. मी म्हटलं, "आई, तू डबे वाढव म्हणालीस. म्हणजे काय म्हणालीस? मला वाटलं जास्त करायचेत. काकूंनी सगळ्यांना सांगितलं, बंद झाले. काल दुपारपासून मला काही कळेनासं झालंय. तू इथे राहणार आहेस की नाही, तेवढं सांग मला." हे बोलता बोलता मला रडायला आलं आणि भावासमोर आलं, याचा रागही आला.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बंद."

हा शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. काकूंनी नकळत देवाकडे पाहिलं. भावाने खिशातून फोन काढला.

"डबे बंद कर म्हटलंय," आई म्हणाली. "दमलंय गो मी. किती वर्सां वाढतंय लोकांका. आता नाय होणा." मग ती भावाकडे वळली. "तू फोन ठेव खिशात. डबे बंद झाले. मी खंय बंद झालंय? मी हयच रवतलंय."

"मग ही पातेली?" मी विचारलं.

"ती माळ्यावर ठेवलस तर कधीतरी माझ्या टाळक्यात पडतीत. म्हणान काढूक सांगितलंय." तिने उशीजवळचा खळगा हाताने चाचपला आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

भावाने फोन खिशात ठेवला. चाळीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"बघतस काय?" आई मला म्हणाली. "भूक लागली हा. माका वाढ."

त्या खोलीत तिने सगळ्यांना वाढलं होतं. वडिलांना, आम्हाला, गिरणीवाल्यांना, गोदीवाल्यांना. ती स्वतः कधी जेवायची, ते मला सांगता येणार नाही. मी ताट शोधलं, पेज ओतली, बाजूला लोणच्याची फोड ठेवली आणि तिच्यासमोर वाकून विचारलं, "किती वाढू?"

"वाढ तू," ती म्हणाली. "मी पुरे म्हणान सांगतंय."

ती सांगेपर्यंत मी वाढत राहिले.